काकूंच्या खिडकीसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न : शेजारच्या काकू गंभीर आजारी आहेत. त्यांचा पलंग खिडकीशी लावलाय आणि ती खिडकी उघडते आमच्या मागच्या अंगणावर. तिथे मोडकं सामान, काळवंडलेली भिंत आणि उजाड जमीन. बागकाम करणाऱ्याने हिरवळ, फरसबंद वाट, छोटं कारंजं आणि नवी झाडं असा आराखडा दिलाय. खर्च आमच्या तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढा, काम आठ ते दहा आठवड्यांचं. अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी की कर्ज काढावं? ठेवीत पाच महिन्यांचा घरखर्च निघेल एवढे पैसे आहेत. मिस्टरांची नोकरी कंत्राटी आहे. की हे पैसे सरळ काकूंच्या औषधपाण्याला द्यावेत?

उत्तर : ठेव मोडू नका, कर्जही काढू नका. पण अंगणाचं काम मात्र याच आठवड्यात सुरू करा.

तुमचं पत्र वाचताना मी खर्चाच्या आकड्याआधी ‘आठ ते दहा आठवडे’ या शब्दांपाशी थांबलो. काकूंच्या घरात आता दिवस मोजले जात असतील. मोठं काम काढलं तर पहिले चार-पाच आठवडे त्यांना खिडकीतून काय दिसेल? खोदलेली माती, खडीचा ढीग, फरशी कापायच्या यंत्राची धूळ. आवाज तर दिवसभर. नवी रोपं गुडघ्याएवढी असतील आणि ती भरायला दोन-तीन पावसाळे जातील. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खर्च करायचा, त्यांच्या वाट्याला नेमका त्यातला सगळ्यात वाईट भाग येणार.

आता पैशाचं. पाचातून तीन गेले की उरतात दोन महिने. कंत्राटी नोकरीच्या घरात किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं मी सगळ्यांना सांगतो, तुम्ही आधीच एकाने मागे आहात. दरमहा घरखर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढी बचत होते असं धरलं, तरी तीन महिन्यांची तूट भरायला पंधरा महिने लागतील. शिवाय मुदतीआधी ठेव मोडली की व्याज बहुधा कमी दराने मिळतं, ते वेगळंच. कर्जाचं तर नकोच. जड मनाने लिहितो, पण काकू नसतील तेव्हाही तो हप्ता चालूच राहील, आणि दर महिन्याला त्यांची आठवण हप्त्याच्या तारखेला येईल. तसं होऊ नये.

माझ्या मते पाव महिन्याच्या घरखर्चाएवढी मर्यादा ठरवा. ती रक्कम या आणि पुढच्या महिन्याच्या हौसेच्या खर्चातून काढा, बचतीतून नाही. तिला उसनवारी समजू नका, गुंतवणूकही समजू नका. हे देणं आहे, परतावा मोजायचा नाही.

एवढ्यात काय होतं? बरंच. आधी भंगार काढा, त्याचे उलट चार पैसे येतील. मग भिंत. तिला फिका पिवळा किंवा सायीसारखा रंग द्या. पांढराशुभ्र नको, ऊन पडलं की डोळ्यांवर येतो, आणि पडून राहिलेल्या माणसाला मान वळवणंही कष्टाचं असतं. छोटी भिंत घरच्या दोघांनी मिळून एका दिवसात होते.

फुलांच्या बाबतीत घाईचा नियम वेगळा आहे. झेंडू किंवा झिनियाचं बी पेरलं तर फूल यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणून यावेळी बी नको, कळ्या आलेली तयार रोपं घ्या. पूर्ण उमललेल्यांपेक्षा कळ्यांची घ्या, तेवढे दिवस जास्त मिळतात. आणि ती कुठे ठेवायची, यावर तुमचे बहुतेक पैसे सत्कारणी लागतील किंवा वाया जातील.

काकूंच्या मुलाला विचारून त्यांच्या पलंगाशी बसा. डोळे उशीच्या उंचीवर आणा आणि बाहेर पाहा. समजा त्यांची नजर जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे, खिडकीची खालची कड १०० सेंटीमीटरवर आणि पलंगापासून दोन मीटर लांब. मग नजरेची रेघ मीटरमागे दहा सेंटीमीटर वर चढते. खिडकीपलीकडे सहा मीटरवर तुमची भिंत असेल, आणि दोन्हीकडची जमीन एका पातळीत असेल, तर तिथे १६० सेंटीमीटरच्या खालचं त्यांना काहीच दिसत नाही. तुमची हिरवळ, वाट, कारंजं, सगळं त्या रेघेखाली! जमिनीवरचे वाफे तुम्हाला दिसतील, त्यांना नाही. म्हणून कुंड्या भिंतीच्या वरच्या भागात टांगा किंवा उंच मांडणीवर ठेवा. पलंग खिडकीला अगदी चिकटून असेल तर हिशेब बदलतो, म्हणून आधी मोजा, मग खरेदी करा.

रंगांत पिवळा आणि पांढरा भरपूर घ्या. संधिप्रकाशात लाल रंग सगळ्यात आधी काळपट दिसू लागतो, आणि आजारी माणसाला संध्याकाळच जड जाते. उग्र वासाची फुलं टाळा, काही उपचारांत वासानेही मळमळतं. कुंड्या बाहेरच असू द्या. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर मातीतल्या बुरशीचा धोका असतो, म्हणून प्रेमाने एखादी आत नेऊन ठेवू नका.

पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं जरूर टांगा, बिनखर्चाची हालचाल मिळते. काचेवर पक्षी आपटू नयेत म्हणून ते खिडकीपासून एका मीटरच्या आत किंवा मग चांगलं दहा मीटर लांब असावं. पाणी रोज बदला.

याचा उपयोग होतो का? १९८४ मध्ये रॉजर उल्रिच या संशोधकांनी ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास मांडला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्या २३ जणांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ते रुग्ण बरे होणारे होते, त्यामुळे काकूंच्या आजारावर फुलांचा उतारा पडेल असं मी म्हणणार नाही. पण माझ्या आईच्या शेवटच्या महिन्यांत ती रोज सकाळी समोरच्या गच्चीवरच्या एकाच कुंडीची फुलं मोजायची आणि आम्हाला आकडा सांगायची. ती कुंडी कोणाची होती, हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले.

औषधपाण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत. मुलाला एकदा बाजूला घेऊन स्पष्ट विचारा. पैशांची खरी अडचण असेल तर ठरवलेल्या रकमेतला मोठा हिस्सा तिकडे द्या, आणि अंगणात फक्त साफसफाई व दोन-तीन टांगलेल्या कुंड्या. अडचण नसेल तर त्यांना अवघडल्यासारखं वाटेल असं पाकीट पुढे करू नका.

रकमेचा तिसरा हिस्सा मागे ठेवा. टांगलेल्या कुंड्या कडक उन्हात रोज पाणी मागतात आणि काही आठवड्यांनी बहर ओसरतो, तेव्हा रोपं बदलावी लागतील. सुकलेली फुलं त्या खिडकीसमोर लोंबकळत राहता कामा नयेत.

बागेचा मोठा आराखडा जपून ठेवा. मिस्टरांचं पुढचं कंत्राट पक्कं झालं आणि सहा महिन्यांची ठेव पूर्ण झाली की तो स्वतःच्या घराचा खर्च म्हणून पुन्हा उघडू. तोवर शनिवारी भंगार, रविवारी रंग. आणि त्याआधी काकूंना एकदा विचारा, त्यांना कोणतं फूल आवडतं.