थर्ड रेडला पाय जड का होतात

अगं,

तुझा एवढा मोठा मेसेज रात्री वाचला, पण हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही म्हणून आता नीट बसून लिहितेय. कबड्डीच्या प्रॅक्टिसला तू कोणाच्या हाताला लागत नाहीस, आणि मॅचमध्ये थर्ड रेड आली, म्हणजे आधीच्या दोन रेड रिकाम्या गेल्यावरची, पॉइंट आणलाच पाहिजे अशी रेड, माइकवरचा माणूस "करो या मरो" ओरडायला लागला की पाय जड होतात, दम पुरत नाही आणि पॉइंट न घेता आऊट होऊन बाहेर बसतेस. इथपर्यंत सगळं समजलं. पण शेवटी जे लिहिलंयस ना, "मी मनानेच कमजोर आहे ताई", ते मला अजिबात मान्य नाही. तुझ्या मांड्या, तुझा स्टॅमिना, तुझी डुबकी, सगळं रोज घासून घासून तयार केलंय आपण. प्रेशरमध्ये रेड टाकायची प्रॅक्टिस मात्र कोणीच घेतली नाही तुझी. जे शिकवलंच नाही ते येत नाही म्हणून स्वतःला कमजोर का म्हणतेस?

आधी टेन्शनचं बघू. छाती धडधडते, तळहाताला घाम, पोटात गोळा, हे सगळ्यांना होतं आणि मोठं झाल्यावरही थांबत नाही. आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत, रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं त्याने, फायनलच्या दिवशी त्याला काही खाल्लंच गेलं नव्हतं, काळा चहा पिऊन उतरला होता. ठोके वाढलेलेच होते, त्याने लक्ष श्वासावर ठेवलं आणि वेगळं काही करायला गेला नाही. म्हणजे टेन्शन गेलं म्हणून मेडल मिळालं असं नाही, टेन्शन असतानाच मिळालं.

आणि थोडं टेन्शन लागतंच. 1908 पासून हा अभ्यास चालू आहे, येर्कीस आणि डॉडसन यांनी उंदरांवर केला होता, तिथून ही गोष्ट पुढे आली की शरीर एकदम थंड असेल तरी काम बिघडतं आणि फार तापलं तरी बिघडतं, मधे कुठेतरी बरोबर जमतं. आता ते मधलं ठिकाण प्रत्येकाचं वेगळं. नेमबाजाला ठोके खाली हवेत, तुला रेडला जायचंय, तुला थोडी आग पाहिजेच. म्हणून "शांत हो, शांत हो" असं स्वतःला सांगत बसू नकोस, धडधडणारं शरीर एका मिनिटात शांत होत नाही आणि मग होत नाही म्हणून अजून घाबरायला होतं. त्यापेक्षा "अंग तापलंय, मी तयार आहे" म्हण. हे मी उगाच धीर द्यायला सांगत नाहीये, 2014 च्या एका अमेरिकन अभ्यासात गाणं म्हणायच्या आधी ज्यांनी "मी घाबरलोय" च्या जागी "मी एक्साइटेड आहे" म्हटलं ते जास्त चांगलं गायले होते.

आता तुझा खरा प्रॉब्लेम. तू लिहिलंयस की त्या रेडला मी "डावा पाय आधी टाकू की उजवा, किक मारू की हात" असा विचार करत असते. बघ, तिथेच गडबड आहे. 2002 मध्ये फुटबॉल खेळणाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. मुरलेल्या खेळाडूंना कोनमधून बॉल ड्रिबल करायला लावला, आणि एकदा सांगितलं की पायाचा कुठला भाग बॉलला लागतोय तिकडे लक्ष द्या, दुसऱ्या वेळी कानावर शब्द पडत होते त्यातला एक ओळखायचा होता. पायाकडे लक्ष दिलं तेव्हा ते स्लो झाले! नवशिक्यांचं बरोबर उलटं, त्यांना पायाकडे बघून फायदा झाला. म्हणजे जी गोष्ट अंगात मुरलीय ती डोक्याने परत चालवायला घेतली की अडखळते. तुझं फुटवर्क किशोर गटापासून मुरलंय, त्याला सूचना देऊ नकोस, ते आपलं आपण चालतं. तू फक्त लक्ष बाहेर ठेव. बाहेर म्हणजे प्रेक्षकांत नाही हं, समोरच्या कॉर्नरच्या, म्हणजे टोकाला उभ्या असलेल्या डिफेंडरच्या, पुढच्या पायावर. ती अँकल धरायला येणार असेल तर त्या पायावर वजन आधी येतं, खांद्याने ती तुला फसवेल, पण पाय उचलायचा तर वजन हलवावंच लागतं. एवढं एक दिसलं तरी बाकीचं तुझं शरीर करेल.

आणि दम. घाबरलं की श्वास वर छातीत अडकतो, मग कबड्डी कबड्डी चालू असतानाच आवाज तुटायला लागतो, पंचांच्या ते लगेच लक्षात येतं. रेडच्या तीस सेकंदांत हे दुरुस्त करता येत नाही, ते मध्य रेषेच्या अलीकडेच करायचं. तुझी पाळी आली की तळहात पुसायचे, तोंडाने एक लांब श्वास सोडायचा, घेण्यापेक्षा सोडणं लांब, सोडताना ठोके जरा खाली येतात म्हणून, मग कॉर्नरच्या पायाकडे बघायचं आणि मनात एकच शब्द. शब्द तुझा तू ठरव, "पाय" चालेल, "बघ" चालेल, फक्त "आऊट होऊ नको" असलं काही नको. हाच क्रम प्रत्येक रेडला, स्कोअर काही असो, साधी रेड असली तरी. थर्ड रेडपुरता ठेवलास तर त्या दिवशी तो नवीनच वाटेल.

यासाठी प्रॅक्टिस बदलावी लागेल. शांत मैदानात, हसत खेळत टाकलेल्या रेडने तू मॅचला तयार होत नाहीस. आपण गेल्या वर्षीच्या कळव्याच्या स्पर्धेतलं माइकवरचं बोलणं मोबाईलवरून स्पीकरला लावू, ढोल वाजतोय, बाहेरून पोरं ओरडतायत, दोन पॉइंटने मागे, शेवटचं मिनिट, आणि थर्ड रेड तुझी. पॉइंट नाही आला तर पूर्ण टीमला राउंड. मुली चिडतील थोड्या, चिडू देत. 2023 ला हांगझोऊमध्ये एशियन गेम्सची फायनल आपल्या मुलींनी चायनीज तैपेईशी 26-25 अशी जिंकली, भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं मेडल होतं ते. एका पॉइंटने! खेळ कितीही सुधारला तरी शेवटची रेड येणारच आहे गं, तिची सवय झालेली बरी.

कॉन्फिडन्सबद्दल एवढंच सांगते. बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलं होतं की स्वतःवरचा विश्वास चार ठिकाणांहून येतो, त्यात सगळ्यात पक्का तो स्वतः करून दाखवलेल्या गोष्टीतून येतो. दुसऱ्याचं बघून, कोणी पाठ थोपटली म्हणून, किंवा अंगात त्या दिवशी बरं वाटतंय म्हणून पण येतो, तो तेवढा टिकत नाही. म्हणून वही कर. मॅच झाली की जमलेल्या रेड लिही, आणि नुसतं "टच घेतला" नाही, काय दिसलं आणि मग काय केलं ते. आणि टार्गेट "दहा पॉइंट" असं नको, ते समोरच्या टीमवर पण अवलंबून असतं. "प्रत्येक रेडला श्वास आणि पाय बघणं" हे टार्गेट ठेव, ते पूर्ण तुझ्या हातात आहे. घरी पप्पांनी "किती पॉइंट?" विचारलं तर हे पण सांग त्यांना, त्यांना समजेल.

अजून एक, हे जरा जपून वाच. झोप लागत नाही, खायची इच्छा नाही, ग्राउंडवर यायचंच नको वाटतं, असं दोन-तीन आठवडे चालू राहिलं तर ते मॅचचं टेन्शन नाही, तेव्हा माझ्या वहीने भागणार नाही, सायकॉलॉजिस्टकडे जायचं. आपल्याकडे कोणी तसं म्हटलं की लगेच "ठाण्याला भरती करा" म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, आणि आपण तर ठाण्यातच राहतो, आपल्याला ते जास्तच टोचतं. ऐकू नकोस. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत असताना दिशा हरवत होती म्हणून बऱ्याचशा फायनलमधून बाहेर झाली, आणि पॅरिसमध्ये परत येऊन तिने तीन गोल्ड जिंकली. गरज पडली तर मी येते सोबत, आईशी पण मी बोलेन.

रविवारी सकाळी सहाला ये, उजवा कॉर्नर खेळणाऱ्या दोघींना घेऊन ये आणि स्पीकर चार्ज करून आण. पहिला अर्धा तास रेड टाकायचीच नाही, नुसतं मध्य रेषेवर उभं राहून त्यांच्या पायावर वजन कधी येतं ते ओरडून सांगायचं. तो शब्द पण ठरवून ये.

तुझी ताई