अडखळलीस कुठं, तेवढं सांग

प्रिय पोरी,

मैत्रिणीची विज्ञानकथा घेऊन बसलीयस. नुसतं 'छान आहे' म्हणवत नाही, खरं बोलावं तर ती दुखावेल, ही तुझी पंचाईत कळली. पण तिला द्यायला म्हणून लिहिलेलं ते टिपण? त्यात तू शेवट बदललास, नायकाला एक बहीणही देऊन टाकलीस. अगं, कथा कुणाची आहे?

वाचताना कुठं अडखळलीस, तेवढं सांग. बाकी तिचं ती बघेल.

आता कथा. 2110 साल, कोल्हापुरात पंचगंगेचा महापूर, आणि कुठलं गाव बुडू द्यायचं ते ठरवणारं यंत्र. कल्पना खणखणीत आहे. पण ते यंत्र राधानगरी धरणाचे दरवाजे उघडतं, तिथं मी थांबलो. ते दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच उघडतात, हुकूम लागत नाही. काल्पनिक कथेत असलं काही काढणं कोतेपणाचं, असं तू म्हणतेस. मुळीच नाही. राधानगरीचा दरवाजा उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात घरोघरी पोचते, इथला वाचक तिथं अडखळणारच. अडखळलो, एवढंच कळव. दुरुस्ती सुचवू नकोस. खरं तर तेच दरवाजे यंत्राला जुमानत नाहीत असं दाखवलं तर... बघ, मीच सुरू झालो!

दुसरी जागा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 43 फुटांवर गेलं आणि शहर संपलं, असं ती लिहिते. 43 ही तर नुसती धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर होतं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, दूध-पेट्रोलची मारामार झाली, आणि शहर आहे तिथंच आहे. तेव्हा समासात लिही, 'इथं मला भीती वाटली नाही.' किती फूट करायचे, ते तिला ठरवू दे.

मी एवढा हट्टी का, विचारशील. माझ्या पहिल्या कथेला एका जाणत्या माणसानं अशाच आपुलकीनं 'सुधारलं'. छापून आली, कौतुकही झालं. मला ती परत वाचवली नाही, आणि पुढं बरीच वर्षं कथा सुचलीही नाही. म्हणून हा चिकटपणा. लोक म्हणतात, हा कुणाला दाद देत नाही. देतो की! तिच्या कथेतली, म्हशीला सोडून बोटीत न बसणारी ती आंबेवाडीची म्हातारी वाचताना माझा चहा गार झाला, तसं समासात लिहिलंयही. आणखी कसली दाद द्यायची?

आणि मैत्रीण म्हणून वाचू नकोस. याच कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा टोपणनावानं पाठवली. परीक्षकांनी नाव नाही, कथा बघावी म्हणून. तूही तिचं नाव झाकून वाच.

ते टिपण फाडून टाक. पेन्सिल घे, जिथं अडखळलीस तिथं खूण कर, मग समोरासमोर बस. ती खुलासे देत राहील. ऐकून घे, वाद घालू नकोस, पण खूण पुसायची नाही. अडखळलीस ते अडखळलीस.

तिनं नवा खर्डा केला की म्हातारीची पानं आधी माझ्याकडं पाठव. ती बोटीत बसली का नाही, ते मला बघायचंय.