जुन्या जीपचे पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे फुलच्या पुढे जातात, टाकीतला सेंडर बदलू का?

नका बदलू, निदान आज तरी नाही. तुम्ही म्हणताय १९७९ ची सीजे-७ आहे, चावी फिरवली की टाकी अर्धी असली तरी पेट्रोलचा काटा फुलच्या पुढे जातो आणि इंजिन गार असताना टेम्परेचरचापण त्याच्यासोबत वर. अहो सेंडर म्हणजे पेट्रोलची पातळी किंवा तापमान मोजून काट्याला कळवणारा भाग, एक टाकीत, दुसरा इंजिनावर, दोघे एकाच दिवशी एकाच पद्धतीने कशाला बिघडतील?

या गाडीत पेट्रोलच्या गेजच्या आतच एक व्होल्टेज रेग्युलेटर असतो, तो १२ व्होल्टचे सरासरी ५ करतो. आत एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो, गार झाली की परत लागतो, असं सारखं चालू-बंद चालू-बंद, आणि तेच ५ व्होल्ट पुढे टेम्परेचरच्या गेजला जातात. आता पट्टी तापायला अर्थ लागतो, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी. अर्थच गेला तर ती तापत नाही, कॉन्टॅक्ट लागलेलाच राहतो आणि दोन्ही गेजना सरळ १२ व्होल्ट मिळतात. म्हणून इग्निशन उगाच ऑन ठेवू नका, गेज जळेल.

मी इथे मिशिगनमध्ये माझ्या जीपची टाकी उतरवली, बगलेपर्यंत पेट्रोल, नवा सेंडर टाकला आणि काटा होता तिथेच!! नंतर कळलं की आधीच्या मालकाने डॅशबोर्डला जाड पावडर कोटिंग मारलंय, हे दोन्ही गेज ज्यात बसतात तो मीटर टेकतो त्या कडेलासुद्धा, मग अर्थ मिळणार कुठून.

तर आधी एवढंच करा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणून मीटरच्या पत्र्याच्या बॉडीला लावा, मगच चावी फिरवा. काटे जागेवर आले तर अर्थच होता, बॅटरी काढून मीटर सोडवा, कडेचा रंग पॉलिश पेपरने घासा, नाहीतर कायमची अर्थ वायर टाका. तरी वरच राहिले तर रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. रेग्युलेटरचं टर्मिनल डिजिटल मल्टिमीटरने मोजलं तर आकडे नुसते नाचतात, घाबरू नका, टेस्ट लॅम्प लावा, रेग्युलेटर चांगला असेल तर तो लुकलुकतो.

सेंडरचा संशय फक्त एकच काटा चुकत असेल तेव्हा. तेव्हापण टाकी न उतरवता टाकीतल्या सेंडरची वायर सोडून त्याचे ओहम, म्हणजे रेझिस्टन्स मोजा, टाकी फुल असेल तर १० च्या आसपास आणि रिकामी असेल तर ७३. आणि टेम्परेचरच्या सेंडरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचा अर्थ आट्यांमधूनच जातो.

आमचे बाबा गावी महिंद्राच्या जीपमध्ये सरळ काठी घालून पेट्रोल बघायचे, सीजे-७ ला ते जमत नाही, फिलरचा पाइप वळलेला आहे, त्यामुळे हे होईपर्यंत मागे एक भरलेला कॅन ठेवा.