कळ्या येतात आणि गळतात! जास्वंदीची कुंडी ठेवायची तरी कुठे?

प्रश्न: ताई, चार महिन्यांपूर्वी जास्वंदीचं रोप आणलं, तेव्हा कळ्यांनी नुसतं लगडलेलं होतं. बाल्कनीत झोपाळ्याशेजारी खाली ठेवलं, तिथे मस्त दिसतं म्हणून. बाल्कनी पूर्वेची आहे, म्हणजे ऊन आहेच. पण आता पानं हिरवीगार, मोठी मोठी आणि फुलं शून्य, चुकून कळी आलीच तर न उमलता गळून पडते. मधेमधे कुंडी हलवून पण बघितली, दोन दिवस इकडे चार दिवस तिकडे. कुठलं खत घालू?

उत्तर: खताची पिशवी आधी खाली ठेवा! नायट्रोजनवालं खत घातलंत तर पानं अजून माजतील आणि फूल तिथल्या तिथेच राहील. मोठी पातळ पानं, लांबलेली पेरं, उजेडाकडे झुकलेल्या फांद्या, हे सगळं ऊन कमी पडल्याचं लक्षण आहे आणि तुमच्या झाडाच्या फांद्यासुद्धा कठड्याकडे वळल्या असणार, बघा जरा.

आता तुम्ही म्हणाल बाल्कनी पूर्वेची आहे की. हो, पण बाल्कनीत ऊन येतं म्हणजे कुंडीवर येतंच असं नाही ना. कठडा भिंतीचा असेल तर सकाळचं तिरपं ऊन कठड्याच्या वरून थेट आतल्या भिंतीवर पडतं, खाली ठेवलेली कुंडी सावलीतच, आणि सूर्य वर चढून ऊन खाली यायला लागलं की थोड्या वेळात वरचा स्लॅब आडवा येतो. म्हणजे तुम्हाला चहा पिताना लख्ख ऊन दिसतं आणि झाडाला मिळतं जेमतेम तासभर. जास्वंदीला भरभरून फुलायला रोज ५-६ तास थेट ऊन लागतं, नुसता उजेड नाही.

तर एक सुट्टीचा दिवस काढा आणि सकाळपासून दर तासाला मोबाईलवर कुंडीचा फोटो काढा. ज्या फोटोत पानांची सावली कडक, रेघ ओढल्यासारखी पडलेली दिसेल तेवढेच तास मोजायचे, पुसट सावलीवाले धरायचे नाहीत. मग तीच कुंडी स्टुलावर किंवा स्टँडवर, कठड्याच्या उंचीला ठेवून पुन्हा एक दिवस मोजा. बऱ्याचदा जागा तीच राहते आणि नुसती उंची बदलून काम होतं. (स्टँड कठड्याच्या आतच हवा आणि पक्का हवा, वाऱ्याने कुंडी खाली गेली तर फुलांचा विषयच संपला.)

ऋतू बदलला की हे परत करायचं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या बाल्कनीची तर गंमतच असते, हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून ऊन पार आतपर्यंत येतं, आणि उन्हाळ्यात तो डोक्यावर गेला की स्लॅबमुळे तीच जागा सावलीत.

जागा सापडली म्हणून लगेच उचलून कडक उन्हात ठेवू नका हं. सावलीत वाढलेली पानं नाजूक असतात, एकदम ऊन लागलं की पांढरट चट्टे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस तासभर, मग दोन तास, असं करत ८-१० दिवसांत सवय लावा. आणि त्यानंतर मात्र कुंडी हलवणं बंद! स्पष्टच सांगते, तुमच्या कळ्या गळण्यात त्या फिरवाफिरवीचाही हात आहे. उजेड, तापमान, पाणी यात अचानक बदल झाला की झाड सगळ्यात आधी कळ्या टाकतं. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा अंगावर येत असेल तरी हेच होतं, ते पण तपासा.

एवढं करूनही गळाल्याच तर पडलेली कळी पांढऱ्या कागदावर उघडून झटका, बारीक लांबट किडे चालताना दिसले तर ते थ्रिप्स, मग जागेचा दोष नाही.

प्रश्न: पश्चिमेच्या गच्चीवर बोगनवेल आणि अँथुरियम शेजारी शेजारी ठेवायचेत, चालेल?

उत्तर: नाही हो, दोघांचं जमणार नाही. बोगनवेलीला दुपारचं रणरणतं ऊन आवडतं, तिला माती थोडी सुकू देऊन मगच पाणी घाला. अँथुरियम मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारं, पश्चिमेच्या उन्हात दोन दिवसांत पानं करपतील. त्याला घरातच खिडकीजवळ ठेवा, उजेड भरपूर पण ऊन थेट अंगावर नाही अशी जागा बघून. बोगनवेलीच्या मागे सावलीत ठेवू असा विचार असेल तर तेही नको, तापलेल्या भिंतीची आणि फरशीची धग लागतेच.