कोयनाकाठी देशी जंगल: रोपं आणण्याआधी हे बघा

पाटणच्या खाली कोयनेकाठी तुमचं पंधरा गुंठे रान आहे, दर पावसाळ्यात काठ ढासळतो, आणि तिथे चांदोलीसारखं सदाहरित जंगल करायचंय. कुणी मियावाकी (दाट लागवडीची जपानी पद्धत) सुचवलंय, कुणी नुसता बांबू. तुमचा विचार मला मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोयना हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि तिथून पाऊस झपाट्याने उतरत जातो. कोयनानगरला वर्षाला साडेचार-पाच हजार मिलिमीटर, तर कराडला सातशेच्या आसपास. तुम्ही मधे आहात. त्यामुळे अंजनी, पिसा ही घाटमाथ्याची झाडं उघड्या रानात लावलीत तर पहिल्या चैत्रातच करपतील. काठाची गोष्ट मात्र वेगळी आहे. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून शेतीसाठी पाणी सुटतं, म्हणून उन्हाळ्यातही मुळांना ओल मिळते. याच ओलीच्या आधाराने जांभूळ, करंज नदीच्या कडेकडेने कोरड्या मुलखात बरीच खाली उतरतात. तुमचं जंगल म्हणजे हा चिंचोळा पट्टा. तो नीट झाला तरी फार मोठं काम होईल.

पाण्यालगत शेरणी हे झुडूप आणि वाळुंज हे झाड लावा. शेरणी खडकाच्या फटीत मुळं रोवते, पुरात आडवी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहते. तिथे ताठ खोडाची रोपं लावू नका. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, हात-दीड हात लांब फांद्या ओल्या मातीत निम्म्याहून जास्त खोचल्या की फुटतात. पण हे काम जूनमध्ये नको. धरणाचे दरवाजे बहुतेक जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये उघडतात आणि नवी लागवड सगळी वाहून जाते. भाद्रपद सरताना पाणी खाली गेलं की ताज्या गाळात खोचा.

त्याच्या वर, उतारावर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन सादडा, मधे मधे निर्गुडी. ही लागवड मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की लगेच करा, म्हणजे पूर येईपर्यंत मुळं धरतात. करंजाचं बी जागेवर टोकलं तरी चालतं. जांभळाचं बी वाळलं की मेलं, म्हणून फळ खाल्ल्यावर आठवड्याच्या आत पेरा, आणि बी तुमच्याच खोऱ्यातल्या जुन्या झाडाचं घ्या. उंबर मात्र हात राखून लावू नका. त्याला वर्षातून अनेकदा फळ येतं. ते खायला हरियल, बुलबुल, वटवाघळं येतात आणि त्यांच्या विष्ठेतून तुम्ही न लावलेली झाडं उगवतात. माझ्या मते नदीकाठचं जंगल खऱ्या अर्थाने उंबरच उभं करतो.

अगदी वर, सपाटीला आंबा, बेहडा, कुंभा. बांबू लावायचाच तर इथे, एखाद-दुसरं बेट. अंजनी, पिसा तीन-चार वर्षांनी, सावली धरल्यावर. तेव्हा आणलीत तर जगतील.

मियावाकीबद्दल स्पष्ट सांगतो: उतारावर करू नका. त्यात एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात आणि आधी जमीन खोल उकरून भुसभुशीत करतात. अशी मोकळी माती पहिल्याच पुरात नदीत जाईल. काठावर रोपापुरताच खड्डा घ्या आणि आजूबाजूचं गवत मुळासकट उपटू नका, विळ्याने कापून आळ्यात पसरा. माती त्या गवतानेच धरलेली असते.

सुबाभूळ, गिरिपुष्प फुकट मिळाली तरी नको. सुबाभळीचं बी पाण्याबरोबर खालच्या गावांच्या मळईत जाऊन रुजतं. रानमोडी आणि घाणेरी ही तणं फुलायच्या आधी काढा.

पहिली दोन-तीन वर्षं जीव खातात ती गुरं आणि वणवा. गुराख्यांशी आधी बोला, पाण्यावर जायची त्यांची वाट मोकळी सोडा. वाट अडवलीत तर कुंपण टिकणार नाही. माघात वरच्या बाजूने वणवा अडवणारा जाळपट्टा काढा.

आणि एक, सातबारा तलाठ्याकडे आणि मोजणी नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात बघून घ्या. पात्रालगतची जागा बऱ्याचदा सरकारी निघते.

काठ पाण्यापासून किती उंच आहे, माती काळी की मुरमाड, आणि मागच्या पुराची खूण कुठवर आहे, एवढं कळवा. त्यावरून कोणत्या पट्ट्यात किती रोपं लागतील ते सांगता येईल.