ड्राइव्ह नऊ हजारांचा, व्याज सत्तर हजारांचं

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढण्याचा व्यवसाय, विवरणपत्रातलं उत्पन्न वर्षाला ७ लाख, घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. २०२१ मध्ये घेतलेल्या त्यांच्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे फायली साठवणारा ड्राइव्ह, आहे आणि तो काठोकाठ भरला आहे. एडिटिंग रखडतंय. बाजारातला दुकानदार दुसऱ्या कंपनीचा १ टीबी ड्राइव्ह बसवून, विंडोज नव्या ड्राइव्हवर घेऊन ९ हजारांत देतो. लॅपटॉप कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्याच कामाचे २१ हजार सांगतं आणि बाहेरचा ड्राइव्ह टाकलात तर जबाबदारी तुमची, असंही बजावतं. तिसरा पर्याय ९५ हजारांच्या नव्या लॅपटॉपचा, १८ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. तिन्हींपैकी जे काही घेतील, त्याचे पैसे क्रेडिट कार्डावरून जाणार आहेत. त्यांनी विचारलंय, यातलं काय घ्यावं?

नऊ हजारांचा ड्राइव्ह घ्या. मात्र तो कार्डावर घेऊ नका. असं का म्हणतो, ते तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलेल्या दोन वाक्यांत आहे.

पहिलं वाक्य: “कार्डावर १ लाख ४० हजार बाकी आहे, पण मिनिमम ड्यू (किमान भरायची रक्कम) दर महिन्याला न चुकता भरतो, त्यामुळे सिबिल उत्तम आहे.” दुसरं: “मुलीसाठी ठेवलेल्या २ लाखांच्या एफडीला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलंय.”

तुमच्या स्टेटमेंटवर व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे महिन्याला सव्वाचार टक्क्यांच्या जरा आत. १ लाख ४० हजारांवर हे झाले महिन्याचे ५,८००. तुम्ही भरता ७ हजार. मुद्दल फिटते ती जेमतेम १,२०० रुपये. आज कार्ड कपाटात ठेवून दिलंत आणि फक्त मिनिमम भरत राहिलात, तरी ही बाकी निम्मी व्हायला पाच-सहा वर्षं लागतील. वर्षाचं व्याज सुमारे ७० हजार. एफडीवर ७ टक्क्यांनी मिळतात १४ हजार, आणि तेही करपात्र. मुलीसाठी ठेवलेले पैसे दर वर्षी ५६ हजारांचा खड्डा पाडतायत. ती एफडी तुम्ही मायेने ठेवली आहे हे मला समजतं, म्हणूनच स्पष्ट सांगतो: ती मोडा, याच आठवड्यात. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक हजार-दोन हजार कापेल. कार्डाचं दहा दिवसांचं व्याज तेवढं होतं.

मिनिमम भरल्याने खातं थकीत दिसत नाही, इतकाच त्याचा उपयोग. मर्यादेच्या मानाने बाकी सतत मोठी राहिली की क्रेडिट स्कोअर त्यानेही खाली येतो. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धावू लागतं. ९ हजारांचा ड्राइव्ह कार्डावर घेतलात आणि वर्षभर तसाच पडून राहिला, तर त्यावर साडेचार हजार व्याज चढेल.

हाच हिशेब ‘नो कॉस्ट ईएमआय’ला लावून बघा. ९५ हजार भागिले १८, म्हणजे महिना ५,३०० रुपये. हा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये पूर्णच्या पूर्ण धरला जातो. मग ७ हजारांचे १२,३०० झाले. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी हप्त्यात व्याज धरलेलं असतं; त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच घेतली जाते, आणि रोखीवर मिळू शकणारी सूट जाते ती वेगळीच. तुम्ही लिहिता की नवा लॅपटॉप आला की या मोसमात सहा-सात लग्नं जास्त मिळतील आणि हप्ता त्यातूनच सुटेल. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त लॅपटॉपकडे बघून ठरत नाहीत. तुम्हाला काम मिळतं ते मागच्या लग्नाचा अल्बम वेळेवर पोचला आणि मामा-मावशांनी नाव सांगितलं म्हणून. न मिळालेल्या कामाच्या भरवशावर दीड वर्षाचा हप्ता बांधून घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाही. ही कार्डाची बाकी आली कुठून? तुम्हीच लिहिलंय की वर्षाला ६० हजार हप्त्याची पॉलिसी आहे, तीन हप्ते झाले, आणि “गेल्या दोन वर्षांचे हप्ते हातात पैसे नसल्याने कार्डावर भरले.” दोन हप्ते म्हणजे १ लाख २० हजार. बाकी १ लाख ४०. तुमचं कर्ज लग्नाच्या मोसमाने, घरखर्चाने किंवा कॅमेऱ्याने झालेलं नाही. ते या पॉलिसीचं आहे.

बँकेतल्या अधिकाऱ्याने ती “एफडीसारखीच, फक्त जास्त परतावा” असं सांगून दिली. १५ वर्षांत ९ लाख भरा, साडेबारा लाख घ्या. ऐकायला साडेतीन लाखांचा फायदा. वार्षिक परतावा काढला तर चार टक्के, बचत खात्यापेक्षा थोडा बरा. आणि चार टक्के कमावण्यासाठी तुम्ही पन्नास टक्क्यांनी पैसे उचललेत. मला राग तुमचा येत नाही. एफडी करायला आलेल्या माणसाच्या हातात पंधरा वर्षांचा विमा देणाऱ्याचा येतो. ज्याचं उत्पन्न मोसमी आहे, त्याला ठरल्या तारखेचा एवढा मोठा हप्ता गळ्यात घालणं ही फसवणूकच आहे.

बरं, विमा म्हणून तरी ती कामाची आहे का? संरक्षण ६ लाखांचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ६ लाखांत घर एक वर्षही चालणार नाही. ३६ व्या वर्षी, तंबाखू-सिगारेट नसेल तर, १ कोटीचा मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) साधारण १५-१६ हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही उठला आहे. विवरणपत्रं तयार ठेवा, कारण किती रकमेचा विमा द्यायचा हे कंपनी त्यावरूनच ठरवते. हा विमा हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका. पुढचा हप्ता जानेवारीत आहे, वार्षिक हप्त्याला त्यानंतर ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात वैद्यकीय तपासणी उरकून घ्या.

जुन्या पॉलिसीचे दोन आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर मुदतीअंती किती. तीन वर्षांत सरेंडर केल्यास भरलेल्या पैशांतला बराच भाग जातो, तेव्हा आकडा बघून धक्का बसेल. पेड-अप केल्यास विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते, तुमच्या बाबतीत एक पंचमांशावर येईल. कोणता पर्याय घ्यायचा ते आकडे आल्यावर ठरवू, पण चौथा हप्ता भरू नका. त्या ६० हजारांतले १६ हजार मुदतीच्या विम्याला आणि ४४ हजार मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात घाला. खातं दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं, तुमची मुलगी सहाची आहे. सध्याचा व्याजदर ८.२ टक्के. तो टिकला तर बारा वर्षांत, म्हणजे ती अठराची होईल तेव्हा, ९ लाखांच्या आसपास जमतील. पॉलिसीच्या साडेबारा लाखांपेक्षा हा आकडा कमी दिसेल. फरकाच्या बदल्यात तुमच्या माघारी घराला ६ लाखांऐवजी १ कोटी मिळण्याची सोय होते. माझ्या मते हाच सौदा करायचा. हे पैसे आणणार कुठून, असं विचाराल. कार्डाला जाणारे महिना ७ हजार सुटले की वर्षाला ८४ हजार होतात. त्यातून दोन्ही भागून वर २४ हजार उरतात.

एफडीतून १ लाख ४० हजार कार्डाला गेले की ६० हजार राहतात. ड्राइव्हचे पैसे त्यातून द्या.

सर्व्हिस सेंटरच्या इशाऱ्याला घाबरू नका. लॅपटॉप विकणाऱ्या बहुतेक कंपन्या एसएसडी स्वतः बनवत नाहीत. एसएसडीतली फ्लॅश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया अशा मोजक्या कंपन्यांच्या कारखान्यांतून येते आणि ती बसवायचा एम.२ हा स्लॉट एका कंपनीचा खास नसतो. तुमच्या लॅपटॉपची वॉरंटी केव्हाच संपली आहे, त्यामुळे २१ हजारांत फक्त स्टिकर मिळेल. दुकानदाराकडून मात्र एवढं नक्की करून घ्या. स्लॉट एनव्हीएमई आहे की साटा (हे जोडणीचे दोन प्रकार), हे आधी उघडून बघायला सांगा, कारण दोन्ही ड्राइव्ह दिसायला जवळपास सारखे असतात. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, साधा जेन ३ (तिसऱ्या पिढीचा) एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जातो. २२८० मापाचा, म्हणजे ८० मिलिमीटर लांबीचा, ड्राइव्ह बसतो का तेही बघा. जेन ५ चा महागडा ड्राइव्ह तुमच्या लॅपटॉपमध्ये वाया जाईल. टीएलसी प्रकारच्या मेमरीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. अशा १ टीबीच्या ड्राइव्हवर बहुधा ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज १०० जीबी लिहिलेत तरी वर्षाला ३६ टीबी, म्हणजे सोळा वर्षं. जीएसटीचं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटीचा दावा करताना अडचण येते. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त ‘२ टीबी’ ड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका, त्यातले कितीतरी नकली असतात आणि अर्धा भरल्यावर फायली गिळतात. विंडोजचं बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. जुना ड्राइव्ह दुकानदाराला देऊ नका, त्यात लोकांच्या घरच्या लग्नांचे फोटो आहेत.

आणखी एक खर्च, जो तुमच्या यादीत नाही. तुमच्याकडच्या शूटिंगची एकच प्रत आहे. ड्राइव्ह बदलण्याच्या आधी ६-७ हजारांची २ टीबी बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि सगळं तिथे उतरवा. लग्न परत शूट करता येत नाही. दोन्ही मिळून १६ हजार झाले, ६० पैकी ४४ हजार तुमच्याकडे उरले.

ड्राइव्ह बसला की पहिलं काम नवं घेऊ नका. चार लग्नांचे अल्बम अडकले आहेत आणि त्यांचे मिळून १ लाख १० हजार यायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. जागा नाही म्हणून एडिटिंग अडलं, एडिटिंग अडलं म्हणून बाकी अडली, आणि बाकी अडली म्हणून पॉलिसीचा हप्ता कार्डावर गेला. या चार अल्बमना महिना द्या. पुढच्या ग्राहकांशी ठरवताना मुहूर्ताच्या दिवसापर्यंत तीन चतुर्थांश रक्कम हातात येईल असं बोला. आलेले १ लाख १० हजार या ४४ हजारांत मिळवून वेगळ्या खात्यात ठेवा. ज्येष्ठ संपल्यापासून कार्तिकापर्यंत कामं नसतात, त्या महिन्यांसाठी ते आहेत.

कार्डाची बाकी भरताना बँकेला फोन करून त्या दिवसाचा पूर्ण आकडा विचारा. तरीही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही भरून टाका. एफडी दोघांच्या नावावर आहे, तेव्हा पत्नीची सही लागेल. सही मागण्याआधी त्यांच्यासमोर एफडीची पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचे व्याजाचे आकडे त्यांनाच वाचू द्या.