मुरमाखालचा दगड किती, कसा?

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आमची उताराची जमीन आहे. ताशीव दगडासाठी खाण काढायची आहे. भूकंपीय लहरींच्या सर्वेक्षणाचा अहवाल सांगतो, ‘४ मीटर मुरूम, खाली सलग काळा पाषाण’. एवढ्यावर गौण खनिजाच्या परवान्यामागे लागावे का? (ठाणे)

उत्तर : ४ मीटर मुरूम बहुधा बरोबर असेल. ‘सलग’ मात्र खोडून टाका. हातोड्याच्या ठोक्याची लाट मुरमातून सेकंदाला हजार-दीड हजार मीटर जाते, न झिजलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे काळ्या पाषाणातून, ५ हजारांच्या आसपास. या पद्धतीत खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असेल तरच लाट वळून जिओफोनपर्यंत, म्हणजे जमिनीवर रोवलेल्या कंप टिपणाऱ्या यंत्रापर्यंत, परत येते. आपल्याकडे घट्ट थराखाली पुष्कळदा सच्छिद्र दगड नाहीतर तांबडा मातकट थर निघतो. तिथे वेग घटतो आणि लाट परतत नाही. पाषाण ६ मीटर असो वा ३०, आलेख तसाच दिसतो.

म्हणून विद्युत रोधकतेची (जमीन विजेला किती अडवते याच्या मोजणीची) एक रेषा घ्याच. ५ मीटर अंतराने ४८ इलेक्ट्रोड (वीज सोडायचे खिळे) म्हणजे २३५ मीटर लांबी. खोली मिळते त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी, साधारण ४० मीटर. ओला मुरूम आणि तांबडा थर दोन अंकी ओहम-मीटर दाखवतात, घट्ट दगड शेकडो ते हजारो. मे महिन्यात उघड्या कातळावर खिळे नीट संपर्क धरत नाहीत. भोक पाडून त्यात मिठाच्या पाण्यात कालवलेला बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) भरा आणि मोजणीआधी प्रत्येक खिळ्याचा संपर्करोध तपासायला लावा. नाहीतर चित्रात नसलेले गोळे उमटतात आणि त्यांनाच ‘उत्तम दगड’ म्हटले जाते.

मग गाभा, म्हणजे दगडाचा दंडगोल नमुना, काढणारे बोअर. जिथे दोन्ही सर्वेक्षणांचे जमत नाही, तिथे पहिले. आरक्यूडी (गाभ्यातल्या लांब, धड तुकड्यांचे प्रमाण) ९० टक्के आला म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात १० सेंमीहून लांब तुकडे धरतात, तुम्हाला हवा मीटरभराचा ठोकळा. खडीला तो दगड चालेल, ताशीव कामाला नाही. गाभ्यातल्या भेगांमधली अंतरे टेपने मोजा. उभ्या भेगा उभ्या बोअरला चुकतात, तेव्हा निदान एक बोअर तिरके, जमिनीशी ६० अंशांत घ्या.

प्रश्न : जीपीआर (जमिनीत रेडिओ लहरी सोडणारे रडार) ओढून भेगा कळत नाहीत का? (घणसोली)

उत्तर : आडव्या कळतात, उभ्या जवळजवळ नाहीत. मुरूम काढून उघड्या कातळावर २५० मेगाहर्ट्झचा अँटेना ओढला, तर काही मीटरपर्यंत दिसते. बेसॉल्टमध्ये लहर नॅनोसेकंदाला सुमारे १० सेंमी जाते, म्हणजे जाऊन-येऊन १०० नॅनोसेकंदांवरची खूण ५ मीटरवर. चिकट ओल्या मातीवरून ओढाल तर पैसे वाया. डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा जात असतील तर कवच असलेलाच अँटेना मागवा; उघडा अँटेना तारांकडून परतलेल्या लहरीही टिपतो आणि त्या खोलवरच्या भेगांसारख्या दिसतात.